प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी गळते? सुयांच्या आधी वजनकाटा

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबचा आठवडी बाजार, तिथल्या बाजार आमटीची पंगत, पंढरपूरची एकादशी, पाहुण्यांकडची लग्नं. प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन तीन-चार महिने झालेला माणूस यातलं एकेक सोडत जातो आणि घरच्यांना वाटतं, आता वय झालं. कारण वेगळंच असतं. खोकला आला, खताचं पोतं उचललं, एसटीतून उतरताना पाय जोरात टेकला, की लघवीचे थेंब जातात. कपडा ओला होतो, वास येईल अशी धास्ती राहते. देवळात जायचं तर सोवळ्याओवळ्याचा प्रश्न मनात येतो. तो कुणाला सांगत नाही. बहुतेक घरांत हे फक्त कपडे धुणाऱ्या बाईला ठाऊक असतं.

अशा घरांत हल्ली ॲक्युपंक्चरचा विषय निघतो. सुया लावल्या की गळणं थांबतं असं कुणीतरी सांगतं, अमक्याला गुण आला असा दाखलाही देतं. हा लेख अशा घरांसाठी आहे. सुयांनी फायदा होण्याची शक्यता आहे, पण प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरच्या गळतीत तो होतोच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. म्हणून सुया लावायच्याच असतील, तर गुण आला की नाही हे कळेल अशा रीतीने लावाव्यात. ते कसं करायचं, ते पुढे सांगतो.

आधी आपलं ऑपरेशन कोणतं झालं ते पक्कं माहीत करून घ्या. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं. गावाकडे बहुतेकांचं झालेलं असतं ते दुर्बिणीतून वाढलेली ग्रंथी खरवडून काढण्याचं ऑपरेशन, म्हणजे टीयूआरपी. यात गाठ बहुधा कर्करोगाची नसते. या ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे लघवीची घाई होते, जाईपर्यंत दम निघत नाही, आग होते. ही घाईची गळती बहुतेकांची आतली जखम भरली की ओसरते. कायमची गळती टीयूआरपीनंतर थोड्यांनाच राहते. दुसरं ऑपरेशन कर्करोगाचं. त्यात पूर्ण ग्रंथी काढतात आणि मूत्राशयाचं तोंड खालच्या मूत्रनलिकेला पुन्हा शिवून जोडतात. मूत्राशयाच्या तोंडाशी लघवी अडवून धरणारा आतला स्नायू या ऑपरेशनात बहुधा कामातून जातो. मग सगळा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या बाहेरच्या स्नायूवर येतो. त्याला ही एकट्याची नोकरी शिकायला महिने लागतात. लघवीची नळी काढल्यावर पहिल्या दिवशी खूप गळते, नंतर दर महिन्याला थोडं कमी होत जातं. वर्षभर ही सुधारणा चालू राहू शकते.

सुयांची परीक्षा अवघड होते ती याच आपोआप होणाऱ्या सुधारणेमुळे. बेल्जियममधला एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. कर्करोगासाठी ग्रंथी काढलेले 102 पुरुष त्यात होते. एका गटाला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवले. दुसऱ्या गटाला माहिती दिली आणि विजेचा नुसता दिखाऊ उपचार केला. तीन महिन्यांनी व्यायामाच्या गटातले 88 टक्के पुरुष कोरडे झाले होते. दिखाऊ उपचाराच्या गटातले किती? 56 टक्के. म्हणजे काहीही खरा उपचार न करता निम्म्याहून जास्त पुरुष तीन महिन्यांत बरे झाले. त्याच तीन महिन्यांत त्यांना कुणी सुया टोचल्या असत्या, ताईत बांधला असता किंवा काढा पाजला असता, तर सारं श्रेय त्यालाच मिळालं असतं, आणि ते देणारा माणूस मनापासून खरं बोलत असता. "अमक्याला गुण आला" हे वाक्य म्हणूनच खोटं नसूनही पुरावा ठरत नाही.

मग सुयांना काही आधार आहे का? आहे, पण तो बायकांच्या गळतीतून आलेला आहे. चीनमधल्या 12 रुग्णालयांत 504 स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली आणि 2017 मध्ये अमेरिकेतल्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. खोकताना, शिंकताना लघवी गळणाऱ्या या स्त्रिया होत्या. कंबरेखालच्या त्रिकास्थीपाशी सुया खोल टोचून त्यांतून सौम्य वीज सोडली. सहा आठवड्यांत अशा 18 बैठका झाल्या, प्रत्येक अर्ध्या तासाची. दुसऱ्या गटाला त्वचेत न शिरणाऱ्या बोथट सुया लावल्या. सुया खऱ्या की खोट्या, हे बायकांना सांगितलेलं नव्हतं. सहा आठवड्यांनी तासाभराच्या पॅड चाचणीत खऱ्या सुयांच्या गटाची गळती सरासरी 9.9 ग्रॅमने कमी झाली, खोट्या सुयांच्या गटाची 2.6 ग्रॅमने. हा फरक किरकोळ नाही.

त्रिकास्थीतल्या छिद्रांमधून बाहेर पडणाऱ्या नसा मूत्राशयाकडे आणि लघवी अडवणाऱ्या स्नायूकडे जातात, म्हणून तिथे वीज दिली तर परिणाम होऊ शकतो, हे शरीररचनेला धरून आहे. घोट्याजवळ सुई लावून वीज देण्याचा असाच उपचार घाईच्या लघवीसाठी आधुनिक वैद्यकातही करतात. 2010 मध्ये अमेरिकेत 220 जणांवर त्याची चाचणी झाली. आठवड्याला एक अशा 12 बैठकांनंतर खऱ्या उपचाराच्या गटातल्या 54.5 टक्के लोकांनी चांगली सुधारणा सांगितली, खोट्या उपचाराच्या गटातल्या 20.9 टक्के लोकांनी.

पण पुरुषाचा ऑपरेशननंतरचा प्रश्न वेगळा आहे. बायकांमध्ये बाळंतपणाने, वयाने आधार सैल पडलेला असतो. इथे अडवणारा एक स्नायूच गेलेला असतो. पुरुषांवरचे अभ्यास थोडे आहेत, लहान आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी सुयांबरोबर इतर उपचारही चालू होते. त्यामुळे बायकांच्या चाचणीचा कागद दाखवून कुणी पुरुषाला खात्री देत असेल, तर ती खात्री त्या कागदात नाही.

सोलापूरकरांना ॲक्युपंक्चर म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेले कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक होते. रणभूमीवर जखमींच्या शस्त्रक्रिया करणं हे त्यांचं काम. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीला पुन्हा चीनला जाऊन शिकून. पुढे या उपचाराला कोटणीसांचं नाव जोडलं गेलं. त्या नावाबद्दल आपल्या जिल्ह्याला आदर आहे आणि तो असायलाच हवा. मात्र दवाखान्याच्या फलकावरचा त्यांचा फोटो पाहून उपचार निवडू नका. समोरचा माणूस काय शिकला आहे ते विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नोंदणीसाठी परिषद आहे. केंद्र सरकारनेही 2019 मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान कसला? नोंदणी असलेला माणूस तो लगेच सांगतो.

सुया टोचून घेण्याआधी दोन गोष्टी व्हायलाच हव्यात. पहिली तपासणी. लघवी गळते याचा अर्थ दर वेळी अडवणारा स्नायू कमजोर असा नसतो. कधी मूत्राशय पूर्ण रिकामाच होत नाही, काठोकाठ भरतो आणि वरचेवर थेंब सांडतात. जोडाच्या जागी आकुंचन आलं की असं होतं. कधी जंतुसंसर्ग असतो. यातल्या कशालाही सुयांचा उपयोग नाही, उलट वेळ जातो. लघवीची तपासणी आणि लघवी करून आल्यावर आत किती उरली हे पाहणारी सोनोग्राफी, एवढ्यावर बरंच कळतं. सुरुवात करकंबच्या ग्रामीण रुग्णालयातून किंवा पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. पुढचं लागलं तर सोलापूरला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे. लघवी पूर्ण अडली, ताप आणि थंडी आली, रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

दुसरी गोष्ट व्यायाम. हा भाग बहुतेकांना नीट शिकवलेला नसतो. डिस्चार्ज देताना "खालचे स्नायू आवळा" एवढं सांगतात आणि माणूस घरी येऊन ढुंगण आवळत बसतो. पोट आत ओढतो, श्वास रोखतो, चेहरा लाल होतो, आणि योग्य स्नायू जागचा हलत नाही. योग्य स्नायू शोधायचा तर न्हाणीघरात आरशासमोर उघडं उभं राहा. चारचौघांत वायू सरणार आहे आणि तो रोखायचा आहे, तसं आतून वर ओढा. शिश्न मुळाशी किंचित आत गेलं आणि अंडकोष थोडे वर उचलले गेले, तर जागा बरोबर आहे. पोटावर हात ठेवा, ते मऊच राहिलं पाहिजे. श्वास चालू ठेवा. आवळून ठेवण्याचा काळ पाच सेकंदांपासून हळूहळू दहापर्यंत न्या, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. दहा वेळा केलं की एक फेरी. दिवसातून तीन फेऱ्या: एक झोपून, एक बसून, एक उभ्याने. सैल सोडणंही व्यायामच आहे, ते अर्धवट करू नका. लघवी करताना मधेच धार तोडून सराव करायची सवय लावू नका.

याहून कामाची एक युक्ती आहे. खोकला येतोय, शिंक येतेय, पोतं उचलायचंय, खुर्चीतून उठायचंय, असं वाटलं की आधी तो स्नायू आवळा आणि मग ते काम करा. पहिले पंधरा दिवस विसरायला होतं. मग अंगवळणी पडतं.

व्यायामाबद्दलही खरं तेच सांगायला हवं. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ऑपरेशननंतर गळती असलेल्या पुरुषांना तज्ज्ञाकडे वारंवार बोलावून व्यायाम शिकवले आणि नेहमीच्या देखभालीतल्या पुरुषांशी तुलना केली. वर्षानंतर दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले: ग्रंथी पूर्ण काढलेल्यांत 76 आणि 77 टक्के पुरुषांना थोडीफार गळती होतीच. म्हणजे तज्ज्ञाकडे खेटे घालून वर्षअखेरीस जादा काही हाती लागेल असं नाही. पण व्यायामाने लवकर फरक पडतो असं बेल्जियमचा अभ्यास सांगतो, शिवाय व्यायाम फुकट आहे आणि घरी होतो. म्हणून माझा आग्रह असा, की एक-दोनदा फिजिओथेरपिस्टकडून जागा बरोबर आहे ना हे तपासून घ्या आणि पुढे घरी रोज करा.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. गळेल म्हणून पाणी तोडू नका. लघवी गडद झाली की मूत्राशय जास्तच चिडतो. आपल्याकडच्या उन्हात शेतात काम करणाऱ्याने तर पाणी मुळीच तोडू नये. दिवसात पाच-सहा चहा होत असतील तर दोनवर आणा. तिखटाने काहींची घाई वाढते, काहींना काहीच होत नाही. बाजार आमटी दोन आठवडे बंद ठेवून पाहा. फरक पडला नाही तर खुशाल खा. बद्धकोष्ठ आणि बिडीचा खोकला मात्र प्रत्येकालाच नडतो. साखर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा, नाहीतर लघवीच इतकी होते की कोणताही उपाय पुरा पडत नाही.

आता वजनकाट्याकडे येऊ. "पहिल्यापेक्षा बरं वाटतंय" हे मोजमाप नव्हे. डॉक्टर संशोधनात जे करतात ते घरी करता येतं. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा लागतो, स्वयंपाकघरात वापरतात तसला चालतो. कोरड्या पॅडचं वजन करून वहीत लिहा. समजा ते 40 ग्रॅम भरलं. सकाळी उठून लघवी करून आलात की पॅड लावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत वापरलेला प्रत्येक पॅड काढल्या काढल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर ओल उडते. मग सगळ्यांचं वजन करा, पिशव्यांचं आणि कोऱ्या पॅडांचं वजन वजा करा. उरलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. तीन पॅड आणि पिशव्या मिळून 310 ग्रॅम भरले, त्यातले कोऱ्या पॅडांचे 120 आणि पिशव्यांचे 10 गेले, तर दिवसाची गळती 180 मिलिलिटर. पॅड महाग वाटत असेल तर सुती कपड्याच्या घड्या वापरा, हिशोब तोच. असं लागोपाठ तीन दिवस करा आणि सरासरी काढा. त्या दिवसांत नेहमीसारखं काम करा, घरात झोपून राहिलात तर आकडा फसवा येईल. काटा वेगळा ठेवा आणि घरात एकाला तरी विश्वासात घ्या. हे लपवत करायला गेलात की वहीत खाडे पडतात.

पहिल्या वर्षात, गळती स्वतःहून कमी होत असताना, घरच्या वहीतून सुयांचा गुण कळू शकत नाही. आकडा उतरेल, पण कशाने उतरला ते सांगता येणार नाही. या काळात सुया घ्यायच्या तर घ्या, मात्र त्यासाठी कर्ज काढू नका, व्यायाम सोडू नका आणि गुण आला तरी ठाम निष्कर्ष काढू नका. वर्ष उलटलं, दर महिन्याला मोजून आकडा तीन महिने एकाच जागी अडकला आहे असं दिसलं, की मग घरची परीक्षा अर्थपूर्ण होते. सुया सुरू करण्याआधी किती बैठका घ्यायच्या ते ठरवा आणि लिहून ठेवा. किती ग्रॅम कमी झाले तर गुण आला म्हणायचं, तेही आधीच लिहा. माझ्या मते निम्म्याने कमी झाल्याशिवाय पैसे आणि हेलपाटे वसूल होत नाहीत. त्या काळात औषधं, व्यायाम, चहा यांत बदल करू नका. बैठका संपल्यावर लगेच मोजा आणि सुया पूर्ण बंद ठेवून महिन्याने पुन्हा मोजा. महिन्याने आकडा जागच्या जागी परत आला असेल, तर जो काही फायदा झाला तो टिकणारा नव्हता. "अजून दहा बैठका घ्या" असं कुणी म्हणालं तर वही पुढे करा.

सुयांचे धोके कमी आहेत, पण आहेत. सुई दर वेळी नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी. जुन्या सुईतून कावीळ ब सारखे आजार पसरतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. छातीत पेसमेकर असेल तर विजेच्या सुया नकोत. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर घोट्याजवळच्या सुईची जखम लक्षात येत नाही, म्हणून रोज पाय तपासा.

कधी एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा मोठ्या रुग्णालयातून विचारणा होईल, की अशा उपचाराच्या चाचणीत भाग घेता का. "आमच्यावर प्रयोग करणार" म्हणून लगेच नाही म्हणू नका. रुग्णांना खऱ्या आणि खोट्या सुयांच्या दोन गटांत वाटून, दोन्ही गटांना व्यायाम देऊन, वजन करणाऱ्याला गट न सांगता केलेली चाचणीच या प्रश्नाचं खरं उत्तर देऊ शकते. कुणाला कोणता गट मिळेल हे सोडतीने ठरतं. ओळख लावून बदलता येत नाही, आणि बदलता येत असेल तर ती चाचणीच बिघडलेली आहे. अशा कामाची आपल्या भागाला सवय नाही असंही नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांना घेऊन, गावांचे 52 गट पाडून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली. 2009 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एचपीव्ही या विषाणूची एकच तपासणीही त्या कर्करोगाचे मृत्यू कमी करते. खेड्यापाड्यातल्या बायकांनी दिलेल्या त्या उत्तराचा दाखला आज जगभर देतात. पुरुषांनीही आपल्या दुखण्याबाबत तेवढा धीर दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मुलाला किंवा नातीला वाचायला सांगा. तो मराठीत असला पाहिजे. चाचणीतल्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून मागत असतील तर तिथेच थांबा. मधेच सोडता येईल का, सोडल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतील का, इजा झाली तर खर्च आणि भरपाई कुणाची, नैतिकता समितीचा फोन कोणता, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. चाचणीला भारतीय नोंदवहीचा, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक असतो. ही नोंदवही 2007 पासून आहे, सगळ्यांसाठी खुली आहे, आणि तो क्रमांक टाकून घरातला कुणीही मोबाइलवर चाचणीची माहिती पाहू शकतो.

आणि सुयांनी, व्यायामाने काहीच साधलं नाही तर? वर्ष झालं, दिवसाला तीन-चार पॅड लागतात, तर मूत्ररोगतज्ज्ञाकडे शस्त्रक्रियेचं विचारा. सहा महिन्यांनंतर सुधारणा अजिबात दिसत नसेल तर त्याआधीही विचारता येतं. गळती थोडी-मध्यम असेल तर मूत्रनलिकेला खालून आधार देणारी पट्टी बसवतात. जास्त असेल तर कृत्रिम झडप. तिची कळ अंडकोषाच्या पिशवीत बसवलेली असते आणि लघवीच्या वेळी ती हाताने दाबायची असते. 1972 पासून या झडपा बसवल्या जात आहेत. कळ दाबायला बोटांत जोर आणि डोकं शाबूत लागतं, म्हणून हा निर्णय फार वर्षं पुढे ढकलू नये. या भेटीला जाताना डिस्चार्ज कार्ड, ग्रंथीच्या तुकड्याचा तपासणी अहवाल, पीएसए या रक्ततपासणीचे सगळे कागद, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि वजनाची वही एकाच पिशवीत घाला. पहिल्यांदा वही पुढे ठेवा, कारण कोणती शस्त्रक्रिया योग्य हे डॉक्टर बरंचसं त्या आकड्यावरून ठरवतात.